पावसातील नेमबाजी

पावसात नेमबाजाची खरी गाठ पडते ती वाऱ्याशी. ५० मीटरच्या मैदानावर तो स्वतः छपराखाली असतो. गोळीला मात्र उघड्यावरून जावे लागते. थेंब तिला सहसा अडवीत नाहीत. परंतु दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर रुंद. मध्यम आडवा वाराही पॉइंट २२ ची गोळी त्याबाहेर लोटतो. म्हणून जाणता नेमबाज लक्ष्याइतकेच वाटेवरील वाऱ्याच्या निशाणांकडे पाहतो. ती फडफडू लागताच चापावरचे बोट काढून थांबतो. पण घड्याळ थांबत नाही, हीच पंचाईत! नळीत पाणी शिरू देणे तर घातकच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे याच अंतरावर, पालथे पडून, ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेतेपद पटकाविले.