गासडी फुटते तेव्हा

नैरोबीकरांची कपड्यांची हौस बघायची असेल तर मॉलमध्ये जाऊ नये, सकाळी लवकर गिकोंबाला जावं. नैरोबी नदीकाठचा हा बाजार पूर्व आफ्रिकेतला जुन्या कपड्यांचा सर्वांत मोठा बाजार मानला जातो. युरोप, अमेरिका, कॅनडा, चीन इथल्या लोकांच्या कपाटातून बाहेर पडलेले कपडे मोंबासा बंदरात उतरतात आणि गासड्या-गासड्यांनी इथे येतात. या मालाला इथे मितुंबा म्हणतात.

साधारण 45 किलोची गासडी पट्ट्यांनी करकचून आवळलेली असते. विकणारी बाई ती बंदच विकत घेते. वर 'बायकांचे ब्लाउज' किंवा 'पुरुषांच्या पॅन्ट्स' असं काहीतरी लिहिलेलं. आत काय निघेल ते तिचं नशीब. डागाळलेला, विटका माल निघाला तर महिन्याची कमाई गेली. म्हणून पट्ट्या कापताना तिच्याकडे बघवत नाही. पहिल्या निवडीतला, जवळजवळ नवा माल म्हणजे 'कॅमेरा'. तो शहरातले छोटे दुकानदार आणि इन्स्टाग्रामवर विकणाऱ्या मुली सकाळीच उचलतात. त्याखालचा माल हँगरवर जातो, त्याखालचा ढिगात, आणि अगदी तळाला उरतो तो 'फगिया'. ऊन उतरलं की भावही उतरतात. 'हमसिनी, हमसिनी' अशी पन्नास शिलिंगांची आरोळी सुरू होते. शिलिंग आपल्या रुपयापेक्षा हलकाच, तेव्हा हिशोब तुम्हीच करा.

मी स्वतः जाते ती मात्र टोई बाजारात. किबेराला लागून असलेला हा बाजार छोटा, पण माल निवडक. माझ्या शेजारी राहणारी, बँकेत काम करणारी मुलगी मला तिथे घेऊन गेली आणि कपडा कसा बघायचा ते तिनेच शिकवलं. ती आधी रंग किंवा फॅशन बघतच नाही. कपडा उलटा करते. काखेतली शिवण, कॉलरची आतली बाजू, चेन, खिशाचे कोपरे. मग उजेडाकडे धरून कापड विरलं आहे का ते पाहते. लोकरीचा कोट असेल तर कसरीची भोकं शोधते. मापाची तिला चिंता नसते. खांदे बसले पाहिजेत एवढंच. बाकी सगळं शिंप्याचं काम, असं ती म्हणते.

त्या दिवशी तिने करड्या रंगाचा पुरुषी ब्लेझर घेतला. तिच्या अंगावर तो पार लोंबत होता. बाजारातच पत्र्याच्या आडोशाला पायमशीन घेऊन फुंडी, म्हणजे कारागीर, बसलेले असतात. एकाने खडूने खुणा केल्या, बाजूच्या शिवणी आत घेतल्या, बाह्या आखूड केल्या आणि तिने आणलेल्या किटेंगेच्या, म्हणजे रंगीत छापील कापडाच्या, तुकड्याचं पिवळं-निळं अस्तर बाह्यांच्या टोकांना लावलं. आता बाही दुमडली की ते रंग दिसतात. तसा ब्लेझर नैरोबीत दुसऱ्या कोणाकडे नाही. तेवढ्या पैशांत मॉलमध्ये एक बरा टी-शर्टही आला नसता.

मला या शहराचं कौतुक वाटतं ते इथे. आपल्याकडे आई-आजीने जुने कपडे बोहारणीला देऊन भांडी घेतली, पण ते कपडे पुढे कोणाच्या अंगावर गेले, हे कोणी विचारलं नाही. दुसऱ्याने वापरलेलं अंगावर घालायचं म्हणजे कमीपणा, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. इथे बँकेतली मुलगी, शाळामास्तर, विद्यापीठातला विद्यार्थी सगळे मितुंबा घालतात आणि कौतुकाने सांगतात की हे मी अमुक ठिकाणी शोधलं. कपडा शोधून काढणं आणि स्वतःचा करणं, यातच त्यांचा मान आहे.

पण या स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजलेली आहे. किसुमूची किकोमी, एल्डोरेटची रिवाटेक्स या केनियाच्या एके काळच्या मोठ्या कापडगिरण्या. नव्वदच्या दशकात आयात खुली झाली आणि गिरण्यांना घरघर लागली. मितुंबा हे त्यामागचं एकमेव कारण नव्हे, पण एक मोठं कारण नक्की. 2016 साली पूर्व आफ्रिकी समुदायाच्या देशांनी जुन्या कपड्यांची आयात टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या सरकारकडे तक्रार केली आणि अमेरिकी बाजारात बिनजकात माल पाठवण्याची सवलत धोक्यात आली. केनियात शिवलेले नवे कपडे याच सवलतीत अमेरिकेला जात होते, त्यामुळे केनियाने माघार घेतली. रवांडाने मात्र किलोमागचा कर 20 सेंटवरून अडीच डॉलरवर नेला आणि 2018 मध्ये कपड्यांवरची सवलत गमावली. एवढ्याशा देशाने दाखवलेली ती हिंमत मला आजही मोठी वाटते. पण गिकोंबातल्या त्या बाईचं पोट याच गासडीवर आहे, हेही डोळ्यांआड करता येत नाही. 2020 मध्ये करोनामुळे काही महिने आयात थांबली तेव्हा तिच्यासारख्यांचे हाल झाले. आगींची टांगती तलवार वेगळीच: जून 2018 च्या आगीत याच बाजारात किमान 15 माणसं गेली.

या साखळीत आपलाही हात आहे. गुजरातेत कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात पाश्चात्त्य देशांतले जुने कपडे उतरतात, तिथे कामगार त्यांची निवड करतात आणि बराच माल पुन्हा गासड्या बांधून आफ्रिकेत रवाना होतो. टोईतला एखादा शर्ट आपल्याकडच्या बाईच्या हाताखालून गेलेला असू शकतो.

नोकरीनिमित्त इकडे येणाऱ्या मराठी मंडळींना एकच सांगते. गरम कपड्यांनी बॅग भरू नका. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटर उंचावर आहे, जुलैत चांगली थंडी पडते आणि युरोपातले उत्तम कोट टोईत टांगलेले असतात. शनिवारची गर्दी टाळा, आठवड्यात मधल्या दिवशी जा. पैसे मोबाइलवरून एम-पेसाने द्या. घरी आल्यावर कपडा गरम पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवा, लोकरीचा असेल तर नुसतं ऊन दाखवा. आणि फुंडीशी घासाघीस करू नका, त्याची मजुरी आधीच फार कमी आहे.