इंजिन बांधून झालं, पण तपासलं का?

मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस कायमची गेली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. चाकरमान्यांबरोबर कोकणात आलेली अशी एखादी जुनी पद्मिनी मालवण-कुडाळकडच्या मांगरात ताडपत्रीखाली उभी असते आणि घरातल्या कुणाला तरी ती पुन्हा रस्त्यावर आणायची असते. इंजिन उतरतं, लेथवाल्याकडे जातं, बोअरिंग-ग्राइंडिंग होऊन परत येतं, मेस्त्री ते बांधतो. मग घाई होते, कारण गणपतीला गाडी चालू हवी असते. नेमक्या याच टप्प्यावर काही ठाम समजुती आड येतात.

पद्मिनीचं इंजिन साधं आहे: १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड. स्टँडवर ते चारही बाजूंनी दिसतं, हाताला लागतं. बॉनेटखाली गेलं की निम्मं झाकलं जातं. म्हणून तपासणी आधी.

गैरसमज १ : नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंग, म्हणजे इंजिन नवंच.

वस्तुस्थिती : भाग नवे असले, तरी त्यांच्यातली फट त्या त्या इंजिनात मोजूनच ठरते. बोअरिंग एकाने केलेलं असतं, क्रँक दुसऱ्याने घासलेला असतो, पिस्टन तिसऱ्याच दुकानातून आलेले असतात. रिंगचं टोक-अंतर घ्या. बोअरच्या दर इंचाला चार हजारांश इंच हा जुना ठोकताळा लावला, तर ६८ मिलिमीटरच्या बोअरला ते साधारण पाव मिलिमीटर येतं. अंतिम आकडा अर्थात कंपनीच्या मॅन्युअलचा. अंतर कमी राहिलं तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो. क्रँकचं पुढे-मागे होणारं अंतरही असंच. फ्लायव्हील पुढे-मागे दाबून ते डायल गेजवर मोजता येतं. थ्रस्ट वॉशर उलटा बसला असेल, तर तो ऑइलचे चर नसलेल्या बाजूने क्रँकवर घासतो आणि लवकर झिजतो. वॉशरची दिशा ऑइलचं चेंबर बंद करण्याआधी डोळ्यांनी पाहिलेली बरी.

गैरसमज २ : हाताने फिरत नाही म्हणजे मेस्त्रीने टाइट बांधलंय. टोचन लावून ओढलं की सुटेल.

वस्तुस्थिती : नव्या रिंगांचा थोडा अवरोध असतोच, पण तो सगळीकडे सारखा असला पाहिजे. चारही प्लग काढायचे, पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावायचा आणि क्रँक दोन पूर्ण फेऱ्या सावकाश फिरवायचा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक होते, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. एकाच जागी फिरणं जड झालं, तर बेअरिंगची कॅप अदलाबदल झाली असेल किंवा कनेक्टिंग रॉड वाकडा असेल. एकदम टणकन अडलं, तर जोर लावू नये. टायमिंग चेनच्या खुणा चुकून व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत असण्याची शक्यता असते. अशी गाडी टोचन लावून ओढली, की दोष सुटत नाही, बेअरिंगचा पातळ थर मात्र सुटतो. तेही ऑइलचं प्रेशर यायच्या आत.

गैरसमज ३ : चेंबरमध्ये ऑइल भरलं, बांधताना बेअरिंगनाही लावलं. पुरे झालं.

वस्तुस्थिती : बांधणी आणि पहिला स्टार्ट यांच्यात कोकणात सहज महिने जातात, आणि तेवढ्यात बेअरिंगला लावलेलं ऑइल निथळून जातं. पंप कोरडा असेल तर पहिल्या फेऱ्यांत तो ऑइल खेचतोच असं नाही. म्हणून पंप बसवताना त्यात ऑइल किंवा व्हॅसलीन भरतात. नंतर प्लग काढून, इग्निशन तोडून, स्टार्टरने थोडं थोडं थांबत इंजिन फिरवायचं, ते प्रेशर दिसेपर्यंत. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला म्हणजे प्रेशर पुरेसं आहे असंही नाही, तो अगदी कमी दाबालाच विझतो. त्याच्या स्विचच्या जागी काट्याचं साधं गेज लावलं की खरा आकडा कळतो. टॅपेटचं झाकण उघडं ठेवून रॉकरपर्यंत ऑइल पोचतंय का, हेही तेव्हाच पाहता येतं. तिथे कोरडं असेल तर एखादं भोक कचऱ्याने बुजलंय किंवा पॅकिंग उलटं बसलंय.

गैरसमज ४ : कॉम्प्रेशन चांगलं आलं, म्हणजे इंजिन चांगलं.

वस्तुस्थिती : कॉम्प्रेशनचा आकडा सिलिंडर किती दाब धरतो एवढंच सांगतो, बेअरिंग, ऑइल, पाणी यांबद्दल तो काहीच बोलत नाही. शिवाय नव्या रिंगा अजून बोअरशी जुळलेल्या नसतात, त्यामुळे आकडा थोडा कमी आला तरी घाबरू नये. पाहायचा तो चार सिलिंडरमधला फरक. तो साधारण दहा टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर मागे पडला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर संशय रिंगवर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंगवर.

याहून बोलकी चाचणी हवेची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, फ्लायव्हील पक्कं धरायचं आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडून कान द्यायचा. सायलेन्सरच्या तोंडाशी फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय, कार्बोरेटरच्या बाजूला आली तर इनलेट, ऑइल भरायच्या तोंडाशी आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड पॅकिंग किंवा चिरलेलं हेड. थोडी हवा रिंगांतून जाणारच, पण व्हॉल्व्हमधून जाता कामा नये.

गैरसमज ५ : खारी हवा पत्रा खाते. बंद इंजिनला ती काय करणार?

वस्तुस्थिती : बांधलेलं इंजिन हवाबंद नसतं. क्रँक कुठेही थांबवला तरी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच, आणि त्यातून पावसाळी दमट हवा ताज्या होन केलेल्या बोअरपर्यंत पोचते. होनिंगचा पृष्ठभाग कोरा, खरखरीत लोखंडाचा असतो. तांबूस थर धरायला त्याला मालवणसारख्या किनाऱ्यावर फार दिवस लागत नाहीत आणि पुढे त्यावरूनच नव्या रिंगा घासतात. म्हणून मृगाआधी बांधलेलं इंजिन गणपतीत बसवायचं असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडावं, इनलेट, एक्झॉस्ट आणि प्लगची भोकं बंद करावीत, इंजिन जमिनीपासून उंच ठेवावं आणि अधूनमधून हाताने फिरवून वेगळ्या जागी थांबवावं. तोंडात कापडाचे बोळे मात्र कोंबू नयेत. ते ओल धरून ठेवतात आणि आत विसरले जातात.

पाण्याच्या बाजूचंही तेच. ब्लॉकच्या बाजूचे आणि मागचे वेल्श प्लग पत्र्याच्या पातळ चकत्या असतात. मागची चकती फ्लायव्हीलच्या आड जाते, ती नंतर गळली तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्या सगळ्या आत्ताच बदलाव्यात. किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड यांच्यात तसं पाणी फिरलं की ॲल्युमिनियम आधी कुरतडलं जातं. रेडिएटरला शुद्ध पाण्यातलं कूलंटच हवं.

गैरसमज ६ : पहिल्यांदा सुरू झालं की अर्धा तास आयडलवर शांत चालू द्यावं.

वस्तुस्थिती : पद्मिनीचा कॅम सपाट तळाच्या टॅपेटवर घासत फिरतो आणि त्यावर ऑइल मुख्यतः क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून पडतं. आयडलवर शिंतोडे कमी, कॅमवरचा दाब जास्त. नवा कॅम असेल तर सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं दीड ते दोन हजार आरपीएमच्या आसपास चालवणं बरं, तेही पाणी आणि प्रेशर यांवर नजर ठेवून, उघड्यावर. बंद मांगरात इंजिन चालवलं तर विषारी कार्बन मोनॉक्साइड साठतो. ‘महाग ते चांगलं’ म्हणून आधुनिक पातळ सिंथेटिक ऑइल या वेळी घालू नये. हल्लीच्या पेट्रोल गाड्यांच्या बऱ्याच ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरसचं प्रमाण मुद्दाम मर्यादित ठेवलेलं असतं आणि जुन्या कॅमला त्याचाच आधार असतो. इंजिन पुरतं थंड झाल्यावर, हेड पॅकिंग आणि मॅन्युअल मागत असेल तर, हेडचे नट ठरलेल्या क्रमाने टॉर्क रेंचने पुन्हा बघावेत आणि त्यानंतर टॅपेट. नट आवळले की टॅपेटची फट बदलते, म्हणून हा क्रम उलटा चालत नाही.

गैरसमज ७ : इंजिन झालं, बाकी सगळं जुनंच लावा.

वस्तुस्थिती : पेट्रोल पंपाचा जुना पडदा आणि जुने रबरी पाइप आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेले नव्हते. ते बदलावेत, टाकी आणि कार्बोरेटर धुऊन घ्यावेत. क्लच प्लेट, फ्लायव्हीलची पाठ आणि क्रँकच्या टोकाचं छोटं बेअरिंग आत्ता हाताशी आहे. गिअरबॉक्स जोडल्यावर नसेल.

शेवटचा तपास कागदाचा. काम करताना ब्लॉकच बदलला गेला असेल, तर त्यावरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळणार नाही, आणि असा बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो. पन्नास वर्षांहून जुनी गाडी २०२१च्या नियमांखाली ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची असेल, तर इंजिन मूळ स्वरूपात असणं ही अटच आहे. नंबर स्टँडवर आरामात वाचता येतो.

एकही तपासणी सगळं सांगत नाही. पाना फिरवून अडथळा कळतो, गेजवर ऑइल कळतं, हवेने गळती कळते, आणि मोजमापाने फटी. म्हणून इंजिन उचलायला चेन ब्लॉक लावण्याआधी मेस्त्रीकडून एक कागद मागा: चारही बोअरची मापं, क्रँकचा साइझ, रिंगचं अंतर, क्रँकची पुढे-मागे हालचाल, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. चांगल्या मेस्त्रीला ही मागणी खटकत नाही, कारण ते आकडे त्याने बांधतानाच घेतलेले असतात. आकडेच नसतील, तर इंजिन अजून उचलायचं नाही.