भेटवस्तूंची व्यंगचित्रे आणि रोजची इंग्रजी

पुण्यात इंग्रजी शिकायचे पुस्तक हवे असले की पावले बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकाकडे वळतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून झटपट इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या पुस्तकांपर्यंत सगळे तिथे मिळते. तरीही अनेकांची तक्रार असते, की इंग्रजी अग्रलेख समजतो, पण कुणी हातात भेट ठेवली की ‘थँक यू’च्या पुढे गाडी सरकत नाही. पाठ्यपुस्तकातले बरेचसे शब्द परीक्षेच्या कामाचे असतात. घरात, दुकानात, दारात उभे राहून बोलायचे शब्द त्यात कमीच सापडतात. ते मिळवायचा एक स्वस्त आणि गमतीचा मार्ग म्हणजे सणासुदीच्या भेटवस्तूंवरची व्यंगचित्रे.

चित्रावरून शब्द: जुनी वाट

कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये ‘ऑर्बिस पिक्टस’ हे सचित्र पुस्तक काढले. चित्रातल्या वस्तूंना क्रमांक आणि शेजारी त्यांची लॅटिन व जर्मन नावे, अशी त्याची मांडणी होती.

   

चित्रामुळे शब्द का टिकतो, याचे एक स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन पैव्हिओ यांनी १९७१ मध्ये सविस्तर मांडले. शब्द आणि चित्र मनात दोन वाटांनी साठवले जातात. एक वाट बुजली तरी दुसरीने शब्द आठवतो. व्यंगचित्रात आणखी एक सोय असते. बारकावे नीट पाहिल्याशिवाय हसूच येत नाही, त्यामुळे चित्र आपोआप लक्ष देऊन पाहिले जाते.

भेटवस्तूच का?

पाडव्याची ओवाळणी, भाऊबीज, लग्नातला आहेर, कचेरीतून मिळालेला मिठाईचा डबा हे प्रसंग आपल्या अंगवळणी पडलेले असतात. कुणाला काय आवडले नाही आणि कोण वरवर हसते आहे, हे चित्र पाहताच कळते. प्रसंग ओळखीचा असल्यामुळे शिकायचे उरतात ते फक्त शब्द.

शिवाय एका भेटीभोवती वस्तू, किंमत, आनंद, नाराजी, सभ्य थाप आणि दुकानातली अदलाबदल असे सगळे जमते. इंग्रजी व्यंगचित्रकारांचाही डिसेंबरमधला हा हुकमी विषय आहे. थॉमस नास्ट यांनी १८६३ पासून ‘हार्पर्स वीकली’त काढलेल्या चित्रांनी खेळणी वाटणारा गुबगुबीत सांता घरोघरी नेला. पुढे ‘पीनट्स’ (१९५०–२०००) आणि ‘कॅल्व्हिन अँड हॉब्स’ (१९८५–१९९५) या चित्रमालिकांत नाताळच्या भेटी वारंवार आल्या.

एक चित्र जवळून

सरावासाठी चार चौकटींचे एक मूक चित्र डोळ्यांपुढे आणू. पहिल्या चौकटीत एक काकू शेजाऱ्यांना सोनपापडीचा डबा देतात. दुसऱ्या चौकटीत शेजारी तोच डबा नव्या चकचकीत कागदात गुंडाळतात. तिसऱ्यात तो डबा त्यांच्या साहेबांच्या टेबलावर दिसतो. चौथ्यात साहेबांचा शिपाई काकूंच्या दारात उभा आहे आणि डबा पुन्हा काकूंच्याच हातात आला आहे. कागद फाटलाय आणि आतून त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी डोकावते आहे.

आता हे इंग्रजीत सांगून पाहा. गुंडाळणे म्हणजे ‘रॅप’, उघडणे म्हणजे ‘अनरॅप’, नावाची चिठ्ठी ती ‘टॅग’ आणि आलेली भेट पुढे ढकलणे म्हणजे ‘रीगिफ्ट’. शेवटची चौकट सांगायला ‘शी गॉट हर ओन बॉक्स बॅक’ एवढे पुरते. ‘ओन’ आणि ‘बॅक’ हे दोन्ही शब्द पहिलीतल्या मुलालाही येतील. पण इथे ते गाळले तर विनोदच हरवतो. त्यांचा नेमका वापर असा एकदा हाताला लागला की पुन्हा घोकावा लागत नाही.

शब्दांचे चार कप्पे

वहीचे एक पान चार भागांत विभागावे.

१. वस्तू: ‘रिबन’, ‘बो’, ‘गिफ्ट बॅग’, ‘हॅम्पर’, ‘व्हाउचर’, ‘प्राइस टॅग’.

२. क्रिया: ‘पिक आउट’ म्हणजे निवडणे, ‘हँड ओव्हर’ म्हणजे सुपूर्द करणे, ‘टेअर ओपन’ म्हणजे कागद फाडून उघडणे, ‘ट्राय ऑन’ म्हणजे अंगावर घालून पाहणे.

३. सभ्य बोलणे: देताना ‘आय होप यू लाइक इट’. घेताना ‘यू शुडन्ट हॅव’, म्हणजे आपले ‘अहो, कशाला उगीच!’. भेट पसंत नसेल तर ‘इट्स द थॉट दॅट काउंट्स’. मात्र हे देणाऱ्याच्या तोंडावर म्हणू नये, नापसंती लगेच उघडी पडते.

४. दुकान: ‘रिसीट’, ‘एक्स्चेंज’, ‘रिफंड’. तुळशीबागेत घासाघीस करताना कामी येईल तो शब्द ‘बार्गेन’.

अडखळण्याच्या जागा

मराठीतल्या ‘मला’, ‘तिला’मुळे आपण नको तिथे ‘टू’ घालतो. ‘शी गेव्ह मी अ वॉच’ बरोबर, ‘शी गेव्ह अ वॉच टू मी’ हेही बरोबर. ‘शी गेव्ह टू मी अ वॉच’ मात्र कानाला खटकते.

‘प्रेझेंट’मध्ये जोर पहिल्या अवयवावर दिला तर अर्थ भेटवस्तू, दुसऱ्यावर दिला तर सादर करणे. ‘रिसीट’ लिहिताना त्यात ‘पी’ येतो, उच्चारात येत नाही. ‘रॅप’ची सुरुवात ‘डब्ल्यू’ने होते, तोही मुका.

वाढदिवसाला मुलांना वाटतो ते ‘रिटर्न गिफ्ट’ आपल्याकडे सर्रास चालते. इंग्लंडमध्ये त्यासाठी ‘पार्टी बॅग’ म्हणतात, अमेरिकेत ‘गुडी बॅग’ किंवा ‘पार्टी फेव्हर’.

चित्रे कुठे शोधावीत?

घरातले जुने दिवाळी अंक आधी काढावेत. ‘आवाज’, ‘मोहिनी’, ‘जत्रा’ यांसारख्या अंकांनी हास्यचित्रांची मोठी परंपरा जपली आहे. शि. द. फडणीस यांची शब्दविरहित चित्रे सरावाला उत्तम, कारण ओळी पुरवायचे काम सर्वस्वी आपल्याकडे येते. मंगेश तेंडुलकर दिवाळीत पुण्यातल्या चौकात उभे राहून वाहतूक नियमांवरची व्यंगचित्रे शुभेच्छापत्रांसारखी वाटत. तिथे व्यंगचित्र हीच भेट होती.

इंग्रजी चित्रसंग्रहांसाठी अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांत हात घालावा. लक्ष्मी रस्त्यावरच्या पुणे नगर वाचन मंदिरासारखी ग्रंथालयेही आहेतच.

सरावाची रीत

एका बैठकीला एकच चित्र घ्यावे. इंग्रजी चित्राखाली ओळ असेल तर ती आधी कागदाने झाकावी. चित्रात दिसणाऱ्या वस्तूंची नावे लिहावीत, मग कोण काय करतो ते साध्या वर्तमानकाळात सांगावे. त्यानंतर प्रत्येक पात्राच्या तोंडी एक वाक्य घालावे आणि शेवटी मूळ ओळ उघडून आपल्या वाक्याशी ताडून पाहावी. अडलेला शब्द शब्दकोशात पाहायचा तो या टप्प्यावर, आधी नाही. नाहीतर चित्र बाजूला राहते आणि शब्दांची नुसती यादी हातात उरते.

मुलांबरोबर बसत असाल तर भूमिका वाटून घ्याव्यात. एकाने भेट द्यायची, दुसऱ्याने ती न आवडूनही छान म्हणायचे. ‘यू शुडन्ट हॅव’ दोन-तीनदा नाटकी सुरात म्हटले की जीभ सरावते.

दोन-तीन दिवसांनी चित्र समोर न ठेवता ते कुणाला तरी फोनवर इंग्रजीत सांगावे. पलीकडचा माणूस योग्य जागी हसला तर त्या चित्रातले शब्द तुमचे झाले. ‘मग पुढे काय झालं?’ असे त्याने विचारले, तर विनोद ज्या शब्दावर उभा होता तोच गळला आहे. तेवढा शोधून पुन्हा फोन लावावा.