तेराचे बारा, एकोणचाळीसचे चाळीस

गाडीच्या नोंदींसाठी मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर जून २०१९ ची तारीख, आणि खाली फक्त '१३/३९'. पुढच्या स्प्रॉकेटला तेरा दाते, मागच्याला एकोणचाळीस. पुढच्या पाच वर्षांत हा आकडा तीनदा बदलला. वही चाळताना लक्षात येतं, की या गाडीवर मी जे काही केलं, त्यात खरा फरक या आकड्यानेच पाडला.

डांबरी रस्त्यावर आणि पायवाटेवर सारखीच चालेल अशी गाडी परवडणाऱ्या किमतीत मिळावी, ही माझी फार जुनी इच्छा. होंडापासून वेगळं झाल्यावर हिरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली, तेव्हा मी शोरूममध्ये जाऊन ती दोनदा बघून आलो होतो. उंच, सडपातळ, १४९ सीसीची गाडी. तिला गिऱ्हाईक फारसं मिळालं नाही. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, ती माझ्या खिशाला झेपणारी नव्हती. मग मे २०१९ मध्ये हिरोचीच एक्सपल्स २०० आली. कार्बोरेटरची ९७ हजारांना, फ्युएल इंजेक्शनची १ लाख ५ हजारांना, एक्स-शोरूम. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, इंजिनाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा, वजन १५४ किलो. इंजेक्शनवाली घेतली आणि पहिल्याच रविवारी खानापूरहून पाबे घाटाने वेल्ह्याला गेलो.

त्याच दिवशी गाडीची मर्यादा कळली. सुमारे १८ अश्वशक्तीचं इंजिन, आणि गिअर पाचच. या पाचांनी हायवेचा ऐंशीचा वेगही सांभाळायचा आणि दगडगोट्यांचा चढही. कंपनीने तोल हायवेच्या बाजूला ठेवला होता, आणि शोरूममधून गाडी नेणाऱ्या बहुतेकांचा विचार केला तर ते बरोबरच होतं. पण पहिल्या गिअरमध्ये चालत्या माणसाच्या चालीने जायचं तर हाफ क्लचशिवाय गत्यंतर नव्हतं. हळू जावं तर इंजिन धडधडून बंद पडायचं, आणि ते बंद पडू नये म्हणून वेग धरावा तर दगडांवर हँडल हातात राहायचं नाही. वर्षभर मी हे स्वतःचंच अडाणीपण समजत राहिलो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. माझ्या मामांचं घर त्याच पट्ट्यात. कौलं उडाली होती, फोन लागत नव्हते. आठवड्याभराने लॉकडाउनचा पास काढून मी आणि मावसभाऊ ताम्हिणीतून निघालो. मागे कॅरिअरवर ताडपत्र्या आणि दोरखंड. माणगाव, म्हसळा ठीक गेलं. मामांच्या वाडीकडे चढणाऱ्या वाटेवर मात्र सुपारीची झाडं आडवी पडली होती. वर्षानुवर्षं जपलेल्या रोठा सुपारीच्या बागा अशा जमिनीवर लोळताना बघवत नव्हत्या. खाली ओला जांभा, गाडीवर दोन माणसं आणि ओझं. झाडांमधून वाट काढत ती दोनेकशे मीटरची चढण आम्ही जवळजवळ पूर्ण हाफ क्लचवर चढलो. वर पोचलो तेव्हा क्लचप्लेटी जळल्याचा वास सुटला होता. मामी हातात पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या आणि मी आधी इंजिनाकडे बघत होतो, याची मला आजही लाज वाटते.

पुण्यात परतल्यावर पौड रस्त्यावरच्या आमच्या मिस्त्रीकाकांनी क्लच उघडला, काळ्या पडलेल्या प्लेटी हातात घेऊन म्हणाले, "इंजिन काय मोठं करता येणार नाही. पुढचा एक दात काढ."

हिशेब सरळ आहे. मागचे दाते भागिले पुढचे दाते. ३९ ला १३ ने भागलं की ३. म्हणजे पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. पुढे १२ केले की ३.२५. पुढचा एकच दात कमी करणं म्हणजे मागे जवळजवळ सव्वातीन दाते वाढवणं. ओढ आठ टक्क्यांनी वाढते, आणि तितक्याच फेऱ्यांना वेग पावणेआठ टक्क्यांनी उतरतो. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण बारा दाते बसवून पुन्हा पाबे घाटात गेलो तेव्हा एका अवघड वळणावर क्लचला बोटही न लावता गाडी स्वतःच्या चालीने चढली. काही शे रुपयांच्या लोखंडी चकतीने हे केलं होतं.

याच सुमाराला कंपनीने या गाडीसाठी रॅली किट काढलं होतं, ३८ हजारांचं. पुढच्या सस्पेन्शनची चाल १९० मिलिमीटरवरून २५०, मागची १७० वरून २२०. अप्रतिम सामान, आणि स्पर्धेत उतरणाऱ्यासाठी किंमतही वाजवी. पण गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसे घालून ती आणखी उंच करायची, आणि वाट नेहमीचीच, वेल्ह्याहून केळद गावाची. मी घेतलं नाही आणि त्याचं वाईट वाटत नाही.

बारा दात्यांनी मग आपली किंमत वसूल केली. हायवेला ज्या वेगाला ६००० फेरे लागायचे तिथे ६५०० लागू लागले. साताऱ्याला पोचेपर्यंत तळहाताला मुंग्या यायच्या, आणि वहीत अ‍ॅव्हरेज लिटरमागे दोनेक किलोमीटरने उतरलेलं दिसतं. त्यावर मला वाटलं, दोन्ही स्प्रॉकेट ठेवू आणि सहलीप्रमाणे बदलू. २०२१ मध्ये हे सात-आठ वेळा केलं. चूक होती. चेन जुन्या दात्यांवर झिजून लांबलेली असते. तिच्यात मध्येच कोरे दाते घातले की दोघांचं जुळत नाही, चेन आवाज करते आणि दाते लवकर टोकदार होतात. शिवाय पुढचं स्प्रॉकेट जितकं लहान, तितकी चेन प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. चेनसेट अपेक्षेच्या कितीतरी आधी संपला.

२०२२ मध्ये नवा घालताना पुढे १३ आणि मागे ४२ केले. गुणोत्तर ३.२३, म्हणजे जवळपास बारा-एकोणचाळीसचंच, पण चेन मोठ्या वळणाने फिरते. मागे तीन दाते वाढल्यामुळे जुन्या लांबीची चेन पुरत नाही, दोन कड्या जास्तीच्या लागतात, हे आधी ठाऊक नसल्याने एक रविवार गाडी स्टँडवरच उभी राहिली.

बाकीच्या बदलांपैकी कामाचे ठरले ते जवळजवळ फुकटातले. फूटपेगचं रबर काढलं, बूट पावसात घसरेना. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प जरा कमी आवळले. गाडी पडली की लिव्हर फिरते, मोडत नाही. एक जादा क्लच केबल जुन्या केबलला बांधून ठेवली, दोन्ही टोकं झाकून. मागच्या सस्पेन्शनसमोर जुन्या ट्यूबचा तुकडा लावला, चिखल थेट त्यावर उडायचा थांबला. कच्च्या रस्त्यावर हवा कमी करायची, डांबर लागलं की पंपाने भरायची. ट्यूबचं पंक्चर स्वतः काढायला शिकलो. जाड लेगगार्ड आणि जादा दिवे मात्र वर्षभरात उतरवले. वजन वाढलं आणि दोन्ही पहिल्याच पडण्यात वाकले. सायलेन्सरला हात लावला नाही. केळदच्या लोकांची झोपमोड करून डोंगर बघायला जाण्यात मला काही मजा वाटत नाही. सड्यांवरही गाडी घालत नाही. तिथल्या दोन बोटं मातीत पावसाळ्यात काय काय उगवतं ते खाली वाकून बघितलेला माणूस चाक घालणार नाही.

कंपनीलाही मधल्या काळात हेच कळलं असावं. २०२० च्या बीएस-सहा गाडीत मागे एक दात वाढवून ४० केले होते, आणि २०२१ च्या शेवटी चार व्हॉल्व्हचं इंजिन आलं, १९.१ पीएसचं. कारखान्याने केलेला तो एका दाताचा बदल तेव्हा मला फुटकळ वाटला होता. २०२४ मध्ये तिसरा चेनसेट घालायची वेळ आली तेव्हा वहीतले दोन वर्षांचे किलोमीटर रस्त्याप्रमाणे वेगळे काढले. मामांचं घर उभं राहिलं होतं, वाडीपर्यंत डांबर झालं होतं, आणि माझं बरंचसं चालवणं पुणे-श्रीवर्धन असंच उरलं होतं. शिवाय पाच वर्षांत गाडी हळू चालवायला मीही शिकलो होतो. तेरा-चाळीस घातले. गुणोत्तर ३.०८.

परवा भाच्याने जुनी चार-व्हॉल्व्ह गाडी घेतली आणि आल्याआल्या विचारलं, "मामा, पुढे बारा टाकू का?" मी त्याला वही दिली आणि आधी काहीच बदलू नकोस म्हणालो. पहिल्या गिअरमध्ये क्लच न दाबता गाडी किती सावकाश चढते, ते या रविवारी आम्ही दोघं पाबे घाटात जाऊन मोजणार आहोत.