मंडपातील हिशेबाची वही

श्रीगजानन हे जसे विद्येचे दैवत, तसेच ते शुभलाभाचेही दैवत होय. व्यापाऱ्याच्या चोपडीत प्रथम त्यांचे स्मरण होते आणि मगच पहिला आकडा मांडला जातो. विद्या आणि धन यांची ही सांगड पूर्वजांनी घातली खरी, परंतु आपल्या शाळा-महाविद्यालयांनी ती सोडविली. चक्रवाढ व्याजाचे उदाहरण अचूक सोडवून पैकीच्या पैकी गुण मिळविणारा मुलगा पुढे हप्त्यावर मोटारसायकल घेतो, तेव्हा हप्ता किती एवढेच विचारतो. व्याजाचा दर विचारण्याचे त्याच्या मनातही येत नाही.

या उणिवेवर नायगाव-परळच्या चाळींत एक उपाय पूर्वापार चालत आला आहे. त्यास कोणी शिक्षण म्हटले नाही, इतकेच. हा उपाय म्हणजे गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च.

1893 साली गिरगावातील केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून मुंबईच्या चाळीत देवाबरोबर वर्गणीही आली. आणि वर्गणी आली की पावती आली. नायगावच्या बी.डी.डी. चाळींत एकेका इमारतीत 80 खोल्या आणि एकेक खोली अवघी 160 चौरस फुटांची. अशा दारोदार फिरून पै-पैसा गोळा करणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती पावती पुस्तक पडते, तेव्हा तो आयुष्यात प्रथमच दुसऱ्याच्या पैशाचा विश्वस्त होतो. पावतीस अनुक्रमांक असतो, स्थळप्रत पुस्तकातच राहते, आणि खाडाखोड झालेली पावती फाडून न टाकता रद्द म्हणून जपावी लागते. रात्री स्थळप्रतींची बेरीज आणि खिशातील रोकड जुळेपर्यंत उठता येत नाही. दहा रुपयांचा फरक शोधण्यात गेलेली अशी एक रात्र पुस्तकातील दहा धड्यांहून अधिक शिकविते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे वही येते. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. मंडप, मूर्ती, रोषणाई, वाद्ये, प्रसाद या प्रत्येक रकमेस बिल हवे. रोषणाईवाल्याशी घासाघीस करणे ही तर स्वतंत्र विद्याच आहे, आणि ती चाळीतल्या मुलांस कोणी शिकवावी लागत नाही! नोंदणी नसलेल्या मंडळास वर्गणीपूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते व उत्सवानंतर हिशेब सादर करावा लागतो, हेही विद्यार्थ्यांना येथेच कळते. आता रोकडीची जागा मोबाईलवरील क्यूआर कोडने घेतली आहे. म्हणून एक पथ्य आवर्जून सांगावेसे वाटते: तो कोड मंडळाच्या बँक खात्याचाच असावा, कोणा कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्याचा कदापि नसावा. मुलगा प्रामाणिक असला तरी देवाचा पैसा आणि खिशातला पैसा एकदा मिसळला, की तो निवडणे कठीण.

हे सारे एवढ्या अगत्याने लिहिण्यास कारण आहे. या वस्तीने कर्जाचे चटके सोसलेले आहेत. गिरणी कामगारास सावकार रुपयास दरमहा एक आणा दराने पैसे देई. आणा ऐकावयास लहान, परंतु वर्षाकाठी तो रुपयास बारा आणे, म्हणजे शेकडा 75 होतो. 1982 च्या जानेवारीत संप झाला, पगार थांबले, आणि बचत किती दिवस पुरते हे घराघरांस कळून चुकले. ज्यांना तो दर हिशेबात मांडता आला नाही, त्यांची मिळकत व्याजातच गेली.

आजचा सावकार दारात काठी घेऊन उभा राहत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना साडेतीन टक्क्यांनी धरली, तरी वर्षास 42 टक्के, जुन्या भाषेत रुपयास जवळजवळ सात आणे! शेअर बाजारातील वायद्याच्या व्यवहारांविषयी सेबीने 2024 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तर घराघरांत वाचला जावा. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्के लोकांना तोटा झाला, आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये कायद्याने बंदी घातली. परंतु झटपट लाभाची हाव कायद्याने जात नाही.

बँकेच्या अधिकाऱ्यांनी महाविद्यालयात येऊन व्याख्यान द्यावे, हे उत्तमच. 2014 साली रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील मुलांस स्वतःचे बचत खाते स्वतः चालविण्याची वाट मोकळी केली, त्याचाही लाभ घरोघरी घ्यावा. पण व्याख्यान ऐकून मूल टाळ्या वाजविते, आणि वही हाती दिली की घाम गाळते. म्हणून मंडळांना विनंती अशी की, खजिनदाराचा साहाय्यक दरवर्षी महाविद्यालयातील विद्यार्थी असावा, आणि तो दरवर्षी बदलावा. मुलींसही हे काम द्यावे. घरचा महिना त्यांच्या आया कसा निभावतात, हे त्यांनी पाहिलेले असते.

नायगावास या विद्येची निकड आता अधिकच आहे. येथील 42 चाळींचा म्हाडामार्फत पुनर्विकास होत असून रहिवाशांस 500 चौरस फुटांचे मालकीचे घर मिळावयाचे आहे. मालकीच्या घराबरोबर गृहनिर्माण संस्था येते. उद्वाहक, पाणी, दुरुस्ती निधी आणि वार्षिक ताळेबंद येतो. सर्वसाधारण सभेत तो ताळेबंद हाती पडल्यावर कोणी तरी उभे राहून विचारावे लागेल, की गतवर्षीची शिल्लक येथे का दिसत नाही. अनंत चतुर्दशीनंतर चाळीच्या फलकावर लागणाऱ्या जमाखर्चाच्या कागदावर बोट ठेवून शेजारचे आजोबा हाच प्रश्न आजवर विचारीत आले आहेत, आणि पावती पुस्तक घेऊन फिरलेल्या मुलांना त्याचे उत्तर तेथेच उभे राहून द्यावे लागले आहे.