कुठलं लिनक्स घेऊ, मामा?

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून आपल्या मंडळातल्या तीन-चार घरांतून मला जवळपास एकच फोन आला आहे. लॅपटॉप धडधाकट आहे, पण विंडोज 11 त्यावर चढत नाही; आता भंगारात द्यायचा का? विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. 2016 च्या आसपास घेतलेले बहुतेक लॅपटॉप तिथेच अडतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल तर तो लॅपटॉप त्याच्या हवाली करा आणि त्यावर लिनक्स शिकू द्या.

मग दुसरा प्रश्न येतो. कुठलं लिनक्स?

लिनक्स म्हणजे खरं तर फक्त गाभा, ज्याला कर्नल म्हणतात. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सनं तो 1991 मध्ये लिहून सगळ्यांसाठी खुला केला. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांच्याशी बोलणं हे कर्नलचं काम. त्याभोवती खिडक्या, मेनू, सॉफ्टवेअर बसवायची पद्धत, अपडेटचं वेळापत्रक असा सगळा संसार मांडून जे तयार होतं तो डिस्ट्रो. आपली इंदूरची मराठी आणि बेळगावची मराठी कानाला वेगळी लागते, पण एकाचं बोलणं दुसऱ्याला कळतं. डिस्ट्रोंचं तसंच आहे.

त्यांची घराणीही आहेत. इयान मर्डॉकनं 1993 मध्ये सुरू केलेलं डेबियन ही आजी. 2004 मध्ये आलेलं उबुंटू ही तिची मुलगी आणि उबुंटूवर उभं असलेलं लिनक्स मिंट ही नात. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्ससुद्धा डेबियनच्याच घरातलं. या सगळ्यांत सॉफ्टवेअर बसवायची आज्ञा एकच, ‘ॲप्ट’. दुसरं मोठं घराणं रेड हॅटचं. फेडोरा, रॉकी, अल्मा ही त्यातली मंडळी, आणि तिथे ‘डीएनएफ’ चालतं. नोकरीत सर्व्हरवर यांपैकी कुठलं तरी एक घराणं भेटण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून शिकायला यांतलंच एक घ्यावं.

माझी भाची कम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, “मामा, मला काली टाकून दे.” कालीचं नाव आजकाल प्रत्येक मुलाच्या तोंडी आहे, कारण व्हिडिओतला हॅकर तेच वापरतो. सुरक्षा तपासणाऱ्यांसाठी ते उत्तम हत्यार आहे, पण लिनक्सची ओळख नसलेल्यांनी ते घेऊ नये, असं कालीच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच लिहिलं आहे. मी तिला ते वाचायला दिलं. ती दोन दिवस गप्प होती, मग म्हणाली, “मग आर्च?” आर्च हाताने एकेक पायरी चढत बसवायचं असतं. त्यातून शिकायला मिळतं, नाही असं नाही, पण परीक्षेच्या आदल्या रात्री अपडेटनं घोळ घातला तर निस्तरायचं कुणी? आर्चचं विकी मात्र कुठलाही डिस्ट्रो असला तरी वाचावं. इतकं नीट लिहिलेलं साहित्य क्वचित सापडतं.

माझ्या मते लॅपटॉपला 4 जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी; 8 असेल तर मिंट सिनॅमन किंवा सरळ डेबियन. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे डिग्री संपेपर्यंत काळजी नाही. डेबियन पूर्वी नवख्याला वाय-फायच्या फर्मवेअरवरून रडवायचं, पण 2023 च्या बाराव्या आवृत्तीपासून ते फर्मवेअर मूळ इन्स्टॉलरमध्येच येतं. फेडोरा मला आवडतं, पण त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण 13 महिनेच चालते. जुन्या लॅपटॉपला दरवर्षी हलवावं लागतं.

एकदा निवडलं की वर्षभर बदलू नका, हे मी फार आग्रहानं सांगतो. दर पंधरा दिवसांनी नवा डिस्ट्रो टाकणारी मुलं इन्स्टॉलर चालवण्यात पटाईत होतात आणि तेवढंच शिकतात. आवाज बंद पडला, प्रिंटर दिसेना, डिस्क भरली, की लॉग उघडून कारण शोधायचं. फाइल कुणाच्या मालकीची, ती चालवायची परवानगी कुणाला, मशीन सुरू होताना कोणती सेवा कुणाची वाट बघते, हे सगळं अशा अडचणींतूनच कळतं. डिस्ट्रो बदलला की अडचण जाते, आणि तिच्याबरोबर धडाही जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भाचीच्या लॅपटॉपमध्ये तिच्या बाबांच्या दुकानाचे जीएसटीचे हिशेब होते आणि स्कॅन केलेले पणजोबांचे फोटो होते, ज्यांच्या मूळ प्रती आता राहिलेल्या नाहीत. इन्स्टॉलर एका जागी ‘इरेज डिस्क’ असा पर्याय दाखवतो. तो निवडून पुढे होकार दिला की डिस्कवरचं सगळं गेलं. म्हणून आधी दोन ठिकाणी बॅकअप, आणि त्यातले दहा फोटो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायचे. आम्ही त्यातच एक अख्खा रविवार घालवला. इन्स्टॉलेशन मात्र चहा होईपर्यंत आटोपलं.

पेन ड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह चालवता येतं, डिस्कला हात न लावता. वाय-फाय, आवाज, टचपॅड तिथेच तपासून घ्या. घरात एकच मशीन असेल आणि रॅम बरी असेल तर विंडोजमध्येच व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात लिनक्स बसवा. मोडतोड करायच्या आधी स्नॅपशॉट घ्यायचा. बिघडलं तर एका क्लिकवर मागे जाता येतं. फक्त 4 जीबीच्या मशीनवर हे करू नका, दोन्ही रांगायला लागतात.

आणि हो, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडता येतं. इनस्क्रिप्ट आहे, ध्वनीवर चालणारं कगप आहे. भाचीनं टर्मिनलच्या आधी तेच शोधलं आणि आजीला मराठीत मेल केला.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये या. 8 जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह आणा, चार्जर आणा. बॅकअप मात्र घरूनच घेऊन या.