एका डॉलरची गोदी

सिंगापूरच्या उत्तर टोकाला, जोहोरच्या सामुद्रधुनीवर सेंबावांग आहे. इथली 'किंग जॉर्ज सहावा' सुकी गोदी १४ फेब्रुवारी १९३८ रोजी सुरू झाली. लांबी सुमारे १००० फूट, म्हणजे ब्रिटिश आरमाराची सगळ्यांत मोठी युद्धनौका आत मावावी. ८ डिसेंबर १९४१ च्या संध्याकाळी इथल्याच ब्रिटिश आरमारी तळावरून 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या युद्धनौका निघाल्या. दोनच दिवसांत जपानी विमानांनी दोघींना बुडवलं. एवढा खर्च करून बांधलेला तळ ऐन वेळी उपयोगी पडला नाही, असंच म्हणावं लागतं.

१९६८ च्या जानेवारीत लंडनने जाहीर केलं की १९७१ अखेर आम्ही निघतो. सिंगापूरच्या उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा ब्रिटिश तळांच्या जिवावर होता. हजारो कारागिरांच्या रोजीरोटीचा प्रश्न उभा राहिला. त्यांत मल्याळी इतके की सेंबावांगला 'छोटं केरळ' म्हणत. सरकारने जूनमध्येच 'सेंबावांग शिपयार्ड' ही कंपनी काढली आणि डिसेंबरमध्ये गोदी ताब्यात घेतली, नाममात्र एका डॉलरला. कारभार पाहायला आणली इंग्लंडची 'स्वान हंटर'. याच कंपनीने बांधलेली प्रचंड तरंगती गोदी १९२८ मध्ये थेट टाइन नदीवरून ओढत इथे आणली होती!

गोदीचं तंत्र काही बदलायचं नव्हतं. जहाज आत घ्यायचं, दरवाजा लावायचा, पंपांनी पाणी उपसायचं. पाणी उतरत जातं तसा जहाजाचा तळ रांगेत मांडलेल्या ठोकळ्यांवर अलगद टेकतो. हे टेकणं चुकलं तर पत्रा चेपतो, म्हणून ठोकळे आधीच नकाशाबरहुकूम लावून ठेवलेले असतात. मग तळाला चिकटलेली शिंपली खरवडायची, पंखा तपासायचा, रंग द्यायचा. बदलायचं होतं ते घड्याळ. युद्धनौका लांबली तर भुर्दंड सरकारी खजिन्याला. तेलवाहू जहाज गोदीत अडकलं की त्याचं त्या दिवसाचं भाडं बुडतं, आणि मालक पुढच्या वेळी सरळ दुसऱ्या बंदरात जातो. दर आधी सांगायचा, तारीख पाळायची, हे आरमारी शिस्तीत वाढलेल्या माणसांना नव्याने शिकावं लागलं. ते जमलं. १९७५ मध्ये ४ लाख टनी तेलवाहू जहाजांसाठी नवी गोदी उभी राहिली.

आता या भागात मेट्रो धावते. त्यातल्या एका स्टेशनचं नाव आजही 'ॲडमिरल्टी', म्हणजे ब्रिटिश आरमार खातं, असं आहे.